यंत्रमागाची मंदी आणि डोक्यावरचं कर्ज: कोणाचं आधी, कोणाचं नंतर, आणि नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज कधी

उभा_आडवा

इचलकरंजी, विटा, मालेगाव, भिवंडी, कुठेही घ्या. खर्चीवाल्याचं (दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणणाऱ्याचं) कर्ज वाढतं त्याचा क्रम ठरलेला असतो. पिकाची (आडव्या धाग्यांच्या मोजणीवर मिळणारी) मजुरी काही पैशांनी उतरते. मग सूत देऊन कापड विणून घेणारा ट्रेडिंगवाला पेमेंट लांबवतो. कामगारांचा आठवडा आणि लाइटबिल भागवायला सोनं गहाण जातं, त्यानंतर पतसंस्था, त्यानंतर कार्ड, आणि सगळीकडचे दरवाजे बंद झाले की महिन्याच्या टक्क्याने देणारा. नवे माग घेऊन बुडालेले थोडे. जुने चालू ठेवायच्या नादात बुडालेले जास्त.

या धाग्यावर सहानुभूती नको, हिशोब आणि कायदा लिहा. बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना मांडतो. आकडे कल्पित आहेत, पण पेठेत रोज दिसणारे आहेत:

बँकेचं मुदत कर्ज १४ लाख बाकी, व्याज ११ टक्के, १० वर्षं शिल्लक, हप्ता साधारण १९,३००, घर आणि शेड तारण. पतसंस्थेचे ३ लाख, हप्ता ९,०००, दोन जामीनदार. सोनेतारण १ लाख ६० हजार, महिन्याचं व्याज १,६००. क्रेडिट कार्ड १ लाख २० हजार, किमान भरणा ६,०००. खाजगी २ लाख, महिना ५ टक्के, म्हणजे नुसतं व्याज १०,०००.

महिन्याला लागतात ४५,९००. घरखर्च जाऊन हातात राहतात १८,०००.

बहुतेक जण या १८ मधले पहिले १० खाजगीवाल्याला देतात, कारण तो दारात येऊन बसतो. माझ्या मते क्रम लावायचा तो कोण किती ओरडतो यावर नाही, कोणाच्या हातात काय नेण्याची ताकद आहे यावर. बाकीच्यांनी यावर लिहावं.

वसुलीखाते

बँकेच्या बाजूचं घड्याळ आधी समजून घ्या. हप्ता थकला की पहिले ३० दिवस खातं एसएमए-० (थकबाकीच्या इशाऱ्याची पहिली पायरी), ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२. ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक, थकीत कर्ज. एनपीएच्या आधी आणि नंतर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी सगळ्यात जुना हप्ता भरला की दिवस मागे येतात. एकदा एनपीए झालं की रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२१ च्या स्पष्टीकरणानुसार व्याज आणि मुद्दल मिळून *सगळी* थकबाकी भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित होत नाही. एक-दोन हप्ते टाकून उपयोग नाही.

कॅश क्रेडिट (सीसी, मालाच्या तारणावर मर्यादेपर्यंत उचल देणारं खातं) असेल तर नियम वेगळा. खातं सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिलं, किंवा ९० दिवसांत जमा काहीच नाही, किंवा जमा झालं ते त्या काळात लागलेल्या व्याजालाही पुरलं नाही, तर एनपीए. म्हणून सीसीवाल्याने निदान लागलेलं व्याज तरी खात्यात फिरतं ठेवावं. आणि स्टॉक स्टेटमेंट! मंदीत माल नाही म्हणून लोक ते द्यायचंच सोडतात. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली उचल अनियमित धरली जाते. शून्य स्टॉक असला तरी शून्याचं स्टेटमेंट द्या.

आता नमुन्यातला हप्ता. १९,३०० हे १८,००० त बसत नाहीत, पण मुदत १० ऐवजी १५ वर्षं झाली तर हप्ता साधारण १५,९०० येतो. उरलेल्या २,१०० मधून सोन्याचं व्याज निघतं. याची किंमतही सांगतो: पाच वर्षं वाढल्याने एकूण भरणा सुमारे साडेपाच लाखांनी जास्त. महाग आहे, पण घर राहतं.

अर्ज तोंडी करू नका. उद्यम नोंदणी असेल तर सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची २०१५ ची चौकट व्यापारी बँकांवर बंधनकारक आहे. त्यात खातं एनपीए होण्याआधी, स्वतः उद्योजकानेही, सुधारणा आराखडा मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रो निट्सच्या निकालात ती बंधनकारक असल्याचं सांगितलं, पण लाभ मागायचा तो वेळेत आणि कागदपत्रांसह, ही जबाबदारी कर्जदाराचीही आहे असंही म्हटलं. लिलावाची नोटीस आल्यावर आठवण झाली तर कोणी ऐकत नाही.

अर्जासोबत: उद्यम प्रमाणपत्र, मागच्या १२ महिन्यांची मजुरीची बिलं, लाइटबिलं (युनिट घटलेले दिसतात, मंदीचा याहून चांगला पुरावा नाही), येणं बाकीची यादी, आणि किती हप्ता झेपेल त्याचा एका पानाचा तक्ता. दोन प्रती, एकीवर शाखेचा आवक शिक्का.

मालती_ज

कार्डाचं गणित कोणी करत नाही म्हणून लिहिते. १,२०,००० बाकीवर महिना साडेतीन टक्के म्हणजे ४,२०० व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ७५६. किमान भरणा ६,००० भरला तर मुद्दलात गेले १,०४४. त्यात एखादी नवी खरेदी केली तर तिला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज.

कार्ड हे विनातारण कर्ज. थकलं तर फोन येतात, सिबिल पडतं, दावा होऊ शकतो, पण उद्या कोणी घराला कुलूप लावत नाही. वापर थांबवा, बँकेला लेखी कळवून बाकी हप्त्यांत बदलून मागा. व्याज निम्म्याच्या आसपास येतं बहुतेक वेळा. एकाच बँकेत कार्ड आणि बचत खातं असेल तर ती बँक खात्यातली रक्कम वळती करून घेऊ शकते, तेव्हा मजुरीचं पेमेंट येणारं खातं वेगळ्या बँकेत असू द्या.

कोर्टाची_पायरी

घर-शेड तारण असलेल्याने सरफेसीच्या (कोर्टात दावा न करता बँकेला तारण विकू देणाऱ्या कायद्याच्या) पायऱ्या पाठ कराव्यात.

कलम १३(२) ची नोटीस, ६० दिवस. या ६० दिवसांत कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर १३(३अ) प्रमाणे बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं. ही हरकत कोणी घेतच नाही. घ्या. व्याज चुकीचं, भरणा जमा नाही, मंजुरीपत्रातला दर वेगळा, पुनर्रचनेचा अर्ज पडून आहे, जे असेल ते. पुढे न्यायाधिकरणात हाच कागद उपयोगी पडतो.

६० दिवसांनंतर १३(४) ची ताबा नोटीस दारावर चिकटवतात आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हा ताबा बहुधा कागदोपत्री. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाते. कर्जदाराने कलम १७ चा अर्ज ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात करायचा. कोल्हापूर, सांगलीसाठी ते पुण्यात आहे. दिवाणी कोर्टात स्थगिती मागण्यात वेळ घालवू नका, कलम ३४ ने ती वाट बंद आहे.

लिलावाआधी मान्यताप्राप्त मूल्यांककाचं मूल्यांकन आणि पहिल्या विक्रीसाठी ३० दिवसांची नोटीस लागते. सगळ्यात महत्त्वाचं, २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळी बाकी भरून मालमत्ता सोडवून घ्यायचा हक्क लिलावाची नोटीस *प्रसिद्ध होईपर्यंतच* आहे. जुनी समजूत लिलावाच्या दिवसापर्यंत, ती आता चालत नाही. शेड स्वतः गिऱ्हाईक आणून विकायची असेल तर त्याआधी. बँकेच्या संमतीने खाजगी विक्री होते, आणि लिलावापेक्षा भाव बरा येतो, कारण लिलावात घेणारा ताब्याची कटकट धरूनच बोली लावतो.

सरफेसी कुठे लागत नाही: शेतजमीन, एक लाखापर्यंतचं तारण कर्ज, आणि बाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी राहिली असेल तर. बिगरबँक वित्त कंपन्यांना २० लाखांच्या खालच्या कर्जाला हा कायदा वापरता येत नाही.

पेठवडगाव_एसटी

सहकारी बँकेला सरफेसी लागत नाही ना? आमच्याकडे सगळे असंच सांगतात.

कोर्टाची_पायरी

लागतो. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो वाद मिटवला. प्रकरण आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचं होतं. पतसंस्था मात्र बँक नाही, तिला सरफेसी नाही.

सहकार_सूत्र

पतसंस्थेचा मार्ग वेगळा आणि कित्येकदा जास्त वेगवान. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली संस्था उपनिबंधक किंवा सहायक निबंधकाकडे वसुली दाखला मागते. दाखला मिळाला की कलम १५६ आणि नियम १०७ खाली संस्थेचाच वसुली अधिकारी जप्ती, लिलाव सगळं करतो. दिवाणी दावा, साक्षीपुरावा काही नाही.

कर्जदार हरतो तो सुनावणीला न गेल्यामुळे. नोटीस आली की हजर राहा आणि खातेउतारा मागा. तपासायचं काय? मंजुरीच्या दरानेच व्याज लावलंय का, दंडव्याजावर पुन्हा व्याज चढवलंय का, शेअर्सची रक्कम आणि अनिवार्य ठेव वळती केलीय का, नोटीस-फी म्हणून काय काय जोडलंय. एकदा दाखला निघाला की कलम १५४ च्या पुनरीक्षणाला दोन महिन्यांची मुदत, आणि वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. नमुन्यातल्या ३ लाखांना दीड लाख. ज्याच्याकडे दीड लाख आहेत तो पुनरीक्षणात कशाला जाईल?

जामीनदारांचं. कायद्याने त्यांची जबाबदारी कर्जदाराइतकीच, "आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या" असं जामीनदाराला म्हणता येत नाही. पगारदार जामीनदाराने कलम ४९ चं संमतिपत्र दिलं असेल तर सरळ पगारातून कपात. म्हणून १८,००० च्या हिशोबात पतसंस्थेला शून्य टाकणं मला मान्य नाही. हप्ता जमत नसेल तर सामोपचार परतफेड योजनेचा अर्ज द्या आणि जामीनदारांना अंधारात ठेवू नका. गावात नातं तुटतं ते पैशापेक्षा लपवाछपवीने.

उभा_आडवा

जामीनदारांचा मुद्दा मान्य. मग क्रम असा दिसतोय: बँकेचा पुनर्रचित हप्ता, सोन्याचं व्याज, काही उरलं किंवा येणं वसूल झालं तर पतसंस्था. कार्ड आणि खाजगी सगळ्यात शेवटी. पण खाजगीवाला शेवटी राहतो का हाच प्रश्न आहे. त्याच्याकडे कोरे धनादेश असतात.

कोर्टाची_पायरी

खाजगीबद्दल दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

एक, सावकारी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार परवाना नसताना सावकारीचा धंदा हा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानाधारकालासुद्धा बिगरशेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला १५ टक्के, विनातारण १८ टक्के. शेतकऱ्याकडून ९ आणि १२. चक्रवाढ नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त नाही. नमुन्यातल्या २ लाखांवर १८ टक्क्यांनी महिन्याला ३,००० होतात. घेतले जातात १०,०००.

तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे. पुरावा: यूपीआयचे उतारे (दर महिन्याला एकाच तारखेला एकच रक्कम जाताना दिसली की पुरे), धनादेशांचे क्रमांक, मेसेज, आणि असेच पैसे घेतलेल्या आणखी दोघा-तिघांचे जबाब. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण एकदा कोणाला हातउसने दिले म्हणजे सावकारी होत नाही, धंदा दिसावा लागतो. रोखीने व्याज देत असाल तर आजपासून बंद करा. कर्जापोटी जमिनीचं किंवा घराचं खरेदीखत लिहून घेतलं असेल तर कलम १८ खाली १५ वर्षांपर्यंतचे व्यवहार उपनिबंधक तपासू शकतो आणि मालमत्ता परत देण्याचा आदेश देऊ शकतो.

दोन, धनादेश. परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८. धनादेश परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस भरायला, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. खटला चालू असताना २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा आदेश होऊ शकतो. त्या १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे: धनादेश तारण म्हणून कोरा दिला होता, इतकी रक्कम परत केली आहे, तपशील असा. उत्तर न देणं म्हणजे समोरच्याला अर्धा खटला आयता देणं. खातं बंद करून किंवा पेमेंट थांबवून सुटका होत नाही, तेही १३८ मध्येच येतं. बँकेच्या ऑटो-डेबिटचा हप्ता परत गेला तरी पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ खाली असाच गुन्हा आहे.

भंगारगल्ली

एवढं डोकं कशाला लावायचं. तीन वर्षं फोन उचलू नका, मुदत संपली की कर्ज मेलं. बरेच जण हेच करतात.

वसुलीखाते

बरेच जण करतात आणि फसतात. तीन वर्षं ही विनातारण कर्जाच्या दाव्याची मुदत. गहाणावर १२ वर्षं. हुकूमनामा (दाव्यात कोर्टाने दिलेला वसुलीचा आदेश) झाला की त्याच्या अंमलबजावणीला पुन्हा १२. शिवाय मुदत संपण्याआधी बाकीची लेखी कबुली दिली किंवा थोडीशी रक्कम भरून त्याची सही-नोंद झाली की घड्याळ नव्याने सुरू. वर्षअखेरीला शाखेत बोलावून "बाकी कबूल" वर सही घेतात ती याचसाठी. आणि कोणतीही बँक तीन वर्षं गप्प बसत नाही, अडीच वर्षं होताहोता दावा पडतोच.

मालती_ज

फोनचं मात्र सांगायला हवं. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना-शेजाऱ्यांना कळवायचं नाही, शिवीगाळ, धमकी नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. कॉलची नोंद ठेवा, बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार, फी नाही. चौकशीसाठी १४४४८. कर्ज देणारा ॲपवाला फोटो बदलून नातेवाइकांना पाठवत असेल तर ती सायबर पोलिसांची केस, १९३०. आणि घरात कोणी खचलेलं दिसलं तर टेलि-मानसचा १४४१६ नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, मराठीत बोलतात.

भिवंडीकर_माग

मूळ प्रश्न नादारीचा होता ना? २०१६ चा दिवाळखोरी कायदा आल्यापासून माणसालाही एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जाता येतं असं ऐकलंय.

कोर्टाची_पायरी

नाही. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून सविस्तर.

२०१६ च्या संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त *कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना* लागू केला गेला. म्हणजे तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि संचालक म्हणून तुम्ही जामीन राहिला असाल तर कलम ९४ खाली एनसीएलटी. स्वतःच्या नावावर माग चालवणारा, पगारदार, भागीदारीतला, यांना तो भाग लागू झालेला नाही. त्यांना आजही जुनाच कायदा: मुंबई शहरात १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स कायदा, उच्च न्यायालयात, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसकट उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत.

अर्ज कोण करू शकतो? देणं ५०० रुपयांच्या वर (१९२० चा आकडा, तसाच राहिलाय), किंवा हुकूमनाम्यात अटक झालीय, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू आहे. आणि देणं फेडण्याची ऐपत नाही.

अर्जात काय लागतं: प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम, तारण, स्वतःची प्रत्येक मालमत्ता, तिची किंमत, ती कुठे आहे, जप्तीतून सूट असलेली वगळून सगळी मालमत्ता कोर्टाच्या स्वाधीन करायची तयारी, पूर्वी असा अर्ज केला होता का. हिशोबाच्या वह्या द्याव्याच लागतात. एखादा धनको "घरचाच आहे" म्हणून गाळला की अर्जाची विश्वासार्हता तिथेच संपते.

नादार ठरवल्याचा आदेश झाला की मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे (कोर्टाने नेमलेल्या ताबेदाराकडे) जाते आणि विनातारण धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय स्वतंत्र कारवाई करता येत नाही. अटकेपासून संरक्षण वेगळ्या अर्जाने मिळतं.

आता काय होत *नाही* ते नीट वाचा. तारण असलेल्या बँकेचा हात थांबत नाही, कलम २८(६). घर-शेड तारण असेल तर नादारीने ती वाचत नाही. जामीनदार सुटत नाहीत. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं देणं, पोटगी यातून मुक्ती नाही. १३८ चा खटला थांबत नाही. नमुन्यात नादारीचा उपयोग होईल तो कार्ड, खाजगी आणि पतसंस्थेपुरता, आणि पतसंस्थेचे जामीनदार तरीही अडकतील. २१ लाख ८० हजारांच्या कर्जात १४ लाख घरावर आणि १ लाख ६० हजार सोन्यावर. म्हणून या नमुन्याला नादारी हे पहिलं औषध नाही. तारण विकून गेलंय, धंदा बंद पडलाय, आणि विनातारण धनकोंचे दहा-बारा हुकूमनामे मागे लागलेत, अशा माणसाला ती आहे.

सूतगिरणी_जवळ

आणि मुक्ततेचा आदेश? तो आपोआप मिळतो का?

कोर्टाची_पायरी

नाही, तिथेच बहुतेक अर्ज मरतात. नादार ठरवताना कोर्ट एक मुदत घालून देतं, त्या मुदतीत मुक्ततेसाठी *वेगळा* अर्ज करावा लागतो. केला नाही तर कलम ४३ खाली मूळ आदेशच रद्द होऊ शकतो आणि सगळे धनको पुन्हा दारात. तारीख वहीत लिहून ठेवा, वकील आठवण करेल या भरवशावर राहू नका.

मुक्तता नाकारायची कारणं कलम ४२ मध्ये आहेत, आणि मंदीत बुडालेल्याने ती अर्ज करण्याच्या आधी वाचावीत. विनातारण देण्याच्या रुपयामागे आठ आणेही मालमत्ता उरली नसेल तर पूर्ण मुक्तता नाकारतात, *पण* हे ज्या परिस्थितीमुळे झालं तिला तुम्हाला जबाबदार धरणं न्याय्य नाही असं दाखवलं तर ते कारण लागत नाही. मंदीचा पुरावा लागतो तो इथे: उतरत्या मजुरीची बिलं, घटते युनिट, बंद मागांची संख्या, बुडालेल्या ट्रेडिंगवाल्याकडचं येणं. बाकीची कारणं: मागच्या तीन वर्षांच्या नीट वह्या नसणं, बुडालोय हे कळूनही धंदा चालू ठेवणं, फेडायची आशा नसताना कर्ज काढणं, गेलेल्या मालमत्तेचा हिशोब देता न येणं, सट्टा, जुगार, उधळपट्टी. शेवटच्या काळात एका ॲपचं घेऊन दुसऱ्या ॲपचं फेडणारा यातल्या दोन कारणांत बसतो. हे चक्र लवकर थांबवा म्हणतात त्याचं कायदेशीर कारण हे.

आणखी दोन खड्डे. नादारीच्या अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत बायकोच्या, भावाच्या नावाने बक्षीसपत्र केलं असेल तर ते रिसीव्हर कलम ५३ खाली रद्द करून घेऊ शकतो. आणि अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप देऊन फेडलं असेल तर कलम ५४. "मेव्हण्याचे तेवढे देऊन टाकू आणि मग अर्ज करू" हा बेत इथे अडकतो.

भिवंडीकर_माग

जप्तीतून सूट काय काय मिळते?

कोर्टाची_पायरी

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रिवाजानुसार बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारं, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सरकारी निवृत्तिवेतन, शेतकऱ्याचं राहतं घर. माग हे कारागिराचं हत्यार की कारखान्याचं यंत्र यावर वाद होतो. घरात स्वतः चालवणाऱ्याला तो मुद्दा मांडण्यात अर्थ आहे, शेडमधल्या २४ मागांना नाही.

पगारात पहिले १,००० आणि उरलेल्याच्या दोन-तृतीयांशाला हात लागत नाही. २५,००० पगार असेल तर १,००० अधिक १६,००० सुरक्षित, जप्ती ८,००० पर्यंत, तीही एका हुकूमनाम्यात एकूण २४ महिनेच. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक होत नाही. पुरुषालाही नुसत्या गरिबीपायी नाही. ऐपत असून बुडवतोय हे धनकोने दाखवावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा जॉली जॉर्ज व्हर्गीस निकाल.

उद्यम_नोंद

सगळे देण्याचं बोलताय, येण्याचं कोणी बोलत नाही. खर्चीवाल्याचे ट्रेडिंगवाल्याकडे लाख-दोन लाख अडकलेले असतातच. सूक्ष्म-लघु उद्योग कायदा २००६, कलम १५: लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे, करार नसेल तर १५. त्यानंतर कलम १६ ने रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच धरला तर साडेसोळा टक्के. तक्रार ऑनलाइन, राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे. निवाड्याला आव्हान द्यायला ट्रेडिंगवाल्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. अट एकच, उद्यम नोंदणी माल दिला त्याच्या *आधीची* हवी, मागाहून काढून चालत नाही.

शिवाय आयकराचा नियम, २०२३-२४ पासून (१९६१ च्या कायद्याचं कलम ४३बी(एच)). ४५ दिवसांत दिलं नाही तर ट्रेडिंगवाल्याला तो खर्च त्या वर्षात वजा मिळत नाही. फेब्रुवारीत त्याच्या सीएला एक शांत ईमेल टाका, बिल क्रमांक आणि उद्यम क्रमांक घालून. भांडणापेक्षा लवकर काम होतं.

वसुलीखाते

तडजोडीबद्दल थोडं, कारण शेवटी बहुतेकांची गाडी तिथेच थांबते. एकरकमी तडजोडीचं पत्र हातात आल्याशिवाय पैसा भरू नका. पत्रात खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख, "यानंतर बाकी शून्य", जामीनदार मुक्त, चालू दावे मागे, हे सगळं हवं. हप्त्यांची तडजोड असेल तर एक हप्ता चुकल्यास काय होईल ते वाचा. बहुधा सवलत रद्द आणि भरलेलं जुन्या व्याजात जमा. लोकअदालतीत तडजोड केलीत तर तो निवाडा अंतिम, अपील नाही, आणि हुकूमनाम्यासारखा अमलात येतो. झेपेल तेवढंच कबूल करा.

भरणा झाला की बेबाकी दाखला घ्या. तारणाची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सिबिलवर "सेटल्ड" लागेल, "क्लोज्ड" नाही. पुढे ऐपत आली तर फरक भरून बदलून घेता येतं. जून २०२३ च्या चौकटीनुसार तडजोड केलेल्या बँकेकडून निदान १२ महिने नवं कर्ज नाही.

पेठवडगाव_एसटी

बंद पडलेले चार माग भंगारात काढून पतसंस्था भागवावी म्हणतो कोणी तर? बँकेचा बोजा आहे त्यांच्यावर.

वसुलीखाते

बँकेच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. नजरगहाण यंत्र परस्पर विकलं तर बँक फौजदारी तक्रार करू शकते, आणि दिवाणी कर्जाचं पोलीस प्रकरण होतं. भंगारवाल्यांचे दोन-तीन लेखी भाव घ्या, शाखेला पत्र द्या, पैसे थेट कर्जखात्यात जमा करायची तयारी दाखवा. परवानगी मिळते, कारण गंजणाऱ्या मागाचा भाव दर पावसाळ्यात उतरतो हे शाखेलाही माहीत असतं. ते पैसे पतसंस्थेला जाणार नाहीत, बँकेलाच जातील. पण मुद्दल तेवढं उतरलं की पुनर्रचनेत हप्ता कमी होतो आणि पतसंस्थेला द्यायला जागा होते.

माग काढले की त्याच आठवड्यात महावितरणकडे मंजूर भार कमी करायचा अर्ज द्या. भार तसाच ठेवला तर बंद मागांचाही स्थिर आकार भरत राहाल.